पट्टीवरची तारीख

हात चोळू नकोस असा. दे इकडे, बघू दे... हं. लाल आहे जरा, पण मऊ आहे आणि गरम नाही. परवाच दवाखान्यातून सुटलास, सलाईनची सुई होती तिथं एवढं राहायचंच. उतरेल दोन दिवसांत. पण उद्या सकाळी तिथं दोरीसारखं कडक काही लागलं, तर मला विचारत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा.

हसताय काय रे बाकीचे? काका डॉक्टर कधीपासून झाले म्हणून? एकतीस वर्षं दवाखान्याचं भांडार सांभाळलंय मी. कापूस, पट्ट्या, सुया, सगळं माझ्या हाताखालून वर जायचं. डॉक्टर येतात नि बदलून जातात, भांडारवाला जागचा हलत नाही. त्यामुळे कुठल्या मजल्यावर काय शिजतंय ते त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

तुम्हाला भुताची गोष्ट हवी होती ना मघापासून? मग ही ऐका. गच्चीवरचा दिवा राहू दे बंद. ही मी कुठं वाचलेली नाही. जिच्यावर बेतली तिनं स्वतः माझ्यासमोर स्टुलावर बसून सांगितली, आणि शेवटचं जे आहे ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मधे कुणी बोलायचं नाही. पाणी प्यायचं असेल त्यानं आत्ताच पिऊन घ्या.

सुरुवात अगदी साध्या कामानं झाली. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. तिसऱ्या मजल्यावरच्या बायकांच्या वॉर्डातून फोन आला, चिकटपट्टीची रिळं संपलीत, दोन पाठवा. माझा माणूस जेवायला गेला होता आणि लिफ्ट बंद होती, म्हणून मीच पुटपुटत जिना चढलो. आमच्याकडे चिकटपट्टी कशी संपायची ते देवालाच ठाऊक. एक रीळ पेशंटला लागायचं नि तीन रिळं भिंतीवर कॅलेंडरं चिकटवायला.

वर एकटोची होती ड्युटीवर. हे काही तिचं खरं नाव नव्हे. कितीही बारीक नस असो, ती एकाच टोचणीत पकडायची, म्हणून सगळा दवाखाना तिला एकटोची म्हणायचा. इतर मजल्यांवर कुणाची नस सापडेनाशी झाली की हिला बोलावणं जायचं. वय पस्तीस-छत्तीस. बोलायला मोकळी, कामाला वाघ. मला काका म्हणायची. मला मुलगी नाही, त्यामुळे तेवढ्यावर मी तिला दोनाची चार रिळं दिली असती.

"काका, इकडे या," म्हणाली. "माझी ताई आलीय नऊ नंबरला."

ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. पन्नाशीला टेकलेली. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच धाकटीला वाढवलं, शिकवलं, नर्सिंगला घातलं. मूत्रपिंडाला जंतूंची लागण होऊन ताप आला होता, आणि दहा दिवस शिरेतून औषध द्यायचं ठरलं होतं. जिवावरचं दुखणं नव्हतं. उशाशी ताईची मुलगी बसली होती, वीस वर्षांची, आईचे केस विंचरत. एकटोचीची ही एकुलती एक भाची.

ताई मला म्हणाली, "हिला सुई टोचायला कुणी शिकवलं माहीत आहे का? माझ्या या हातांनी. कॉलेजातल्या रबराच्या हातावर जमायचं नाही बाईंना. रोज रात्री यायची, ताई, हात दे. चाळणी केलीय माझ्या हातांची."

"आणि बोट फिरवायला?" एकटोची म्हणाली.

"तेही माझ्याच हातावर शिकली. नंतर नंतर तर मीच हिच्या हातावर फिरवून दाखवायचे, असं नाही, असं."

बोट फिरवणं म्हणजे काय ते सांगतो. सुई असलेल्या पेशंटच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नसेवरून अंगठा दाबत न्यायचा. मऊ आणि गार लागलं तर ठीक. गरम लागलं, दुखलं, दोरीसारखं कडक लागलं, तर नस सुजली समजायचं. डॉक्टर त्याला फ्लेबायटिस म्हणतात. मग सुई लगेच काढायची. खरं तर आत सुई राहत नाही, प्लास्टिकची बारीक नळी राहते, पण आपण सगळे सुईच म्हणतो. ती एका जागी फार दिवस ठेवली की नस चिडते. म्हणून आमच्याकडचा नियम असा, की तीन दिवस झाले की ती काढायची, दुसरीकडे नवी घालायची आणि वरच्या पट्टीवर घातल्याची तारीख लिहायची. पुढच्या ड्युटीची सिस्टर ती तारीख वाचूनच ठरवते. ती तारीख म्हणजे एकीनं दुसरीला दिलेला शब्द असतो रे.

ताई त्या दिवशी खुशीत होती. "माझी धाकटी आहे इथं," म्हणाली, "मला कसली काळजी?" मीही मान डोलावली आणि रिळं टेबलावर ठेवून खाली आलो.

तीन दिवस झाले. सुई बदलायची वेळ आली. औषधांनी ताईच्या नसा दबून गेल्या होत्या. एकटोचीनं एकदा टोचलं. दोनदा. तीनदा. साऱ्या जगाच्या नसा पकडणारी ही, पण सख्ख्या बहिणीचा हात हातात घेतला की बोटं थरथरायची. चौथ्या वेळी ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "आज राहू दे गं," म्हणाली. "उद्या टोच."

हिला दया आली. हे मी मुद्दाम सांगतोय. वाईट माणसानं वाईट केलं तर त्यात सांगण्यासारखं काय असतं? हिला दया आली. खरं तर दुसऱ्या सिस्टरला हाक मारायची होती, पाच मिनिटांचं काम. पण एकटोचीला नस सापडली नाही हे कुणाला कळायला नको होतं. मग तिनं जुनी सुई आहे तिथंच ठेवली. वरची पट्टी तेवढी सोलून काढली, मी नेऊन दिलेल्या रिळातली नवी लावली, आणि तिच्यावर त्या दिवशीची तारीख टाकली. झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या बदलू, असं तिच्या मनात होतं.

उद्या तिला दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. परवा तिची सुट्टी. इकडे बाकीच्या सिस्टर पट्टी वाचत होत्या. ताई म्हणायची, हात ठणकतोय. त्या म्हणायच्या, "अहो, नवीच तर आहे. तुमच्या बहिणीनंच घातलीय. थोडं दुखतंच." ताईला सगळं माहीत होतं, पण तिनं बहिणीचं बिंग फोडलं नाही. धाकटी येईल आणि काढेल, म्हणून दात आवळून पडून राहिली.

धाकटी आली ती डॉक्टरांच्या राउंडबरोबरच. मोठे डॉक्टर, इनचार्ज सिस्टर, मागं शिकाऊ मुलींची रांग. ताईचा हात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत सुजला होता. नसेवर लाल पट्टा उठला होता. सुईच्या तोंडाशी पू. ताप एकशे तीन. डॉक्टरांनी पट्टी वाचली.

"सुई कधीची ही?"

ताईनं धाकटीकडे पाहिलं आणि हसली. सुटले बाई एकदाची, असं ते हसू. आता ही सांगेल.

एकटोची म्हणाली, "तीनच दिवस झालेत, सर."

"मग तीन दिवसांत एवढं कसं?"

इथं थांबली असती तरी एक वेळ... पण खोट्याला टेकू लागतोच. ती म्हणाली, "पाणी गेलं असेल आत. भाचीनं काल अंग पुसलं होतं, तेव्हा."

पोर तिथंच उभी होती, हातात टॉवेल घेऊन. "मी हात वर धरून पुसलं होतं," एवढंच म्हणाली. इनचार्जनं तिला सगळ्यांसमोर झापलं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहून घेतलं, नातेवाइकांच्या हलगर्जीपणामुळे.

ताई उठायला बघत होती. "नाही," म्हणाली. "नाही... नाही..." अंगात थंडी भरून आली होती, दात वाजत होते, पुढचा शब्द फुटेना. डॉक्टर म्हणाले, तापात बडबडतायत. आणि एकटोचीनं, बरं का, एकटोचीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, पड शांत. काही बोलू नकोस."

ताई पडली. मग हिनं तिचा हात हातात घ्यायला हात पुढं केला. ताईनं आपला हात ओढून पांघरुणात घेतला, तो सुजलेला, ठणकणारा हात. आणि तोंड फिरवलं.

तिथून तिला आयसीयूत हलवलं. जंतू रक्तात गेले होते. घशात नळी घातली, त्यामुळे बोलायचा प्रश्नच मिटला. सहा फेब्रुवारी, शुक्रवार, पहाटे ताई गेली.

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे. आणि ते तिथं संपलंही नाही. भाचीनं आईच्या मरणाचं सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. कॉलेज सोडलं. कुणाला शिवायची नाही, कुणी पाठीवरून हात फिरवला तर अंग चोरायची. माझा हात लागला की माणूस मरतं, म्हणायची. रात्र रात्र खिडकीत बसून राहायची, डोळ्याला डोळा नाही. बाप बिचारा गोंधळून गेलेला. आणि मावशी रोज तिला समजावायला जायची. "तू मुद्दाम केलंस का बाळा? होतं असं कधी. कुणी तुला दोष देत नाही." कुंपणानं शेत खाल्लं आणि वर शेताचंच सांत्वन करायला बसलं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. तिच्या तोंडाकडे बघवेना मला. जिला मुलगी म्हणत होतो, ती हीच का, असं झालं. मीही फसलोच होतो की. ती पट्टी माझ्याच हातानं वर गेली होती.

आता एकच गोष्ट उरली होती. ती पोर जन्मभर हे ओझं वाहणार, की हिचं तोंड उघडणार.

दहा-बारा तारखेपासून वॉर्डात कुजबुज सुरू झाली. एकटोचीला नाइट ड्युटी लागली होती. सकाळी तीन नंबरची शिंपीणबाई तिला म्हणाली, "रात्रीच्या त्या दुसऱ्या बाई कुठं गेल्या? फार हलका हात त्यांचा."

"कोण बाई? रात्री मी एकटीच होते."

"अहो, पेशंटसारखा गाऊन घातलेल्या. हात बघून गेल्या माझा. मनगटापासून वर अंगठा फिरवला. म्हणाल्या, पट्टी वाचू देऊ नकोस, हात बघायला सांग. जुनी झालीय, काढून घे. बाकी हात हलका, पण काय गरम हो."

एकटोचीनं पट्टी बघितली. कालची तारीख. तरी तिनं नसेवर अंगठा दाबला... कडक. सुई काढली, बाईला विचारलं, तर ती चार-पाच दिवसांची होती. म्हणजे दुसरीही कुणी तेच करत होती. एकीनं पाऊलवाट पाडली की बाकीच्यांना ती आपोआप सापडते.

दुसऱ्या दिवशी अकरा नंबर. तिसऱ्या दिवशी दोन नंबरच्या निवृत्त मास्तरीणबाई, ज्या आयुष्यात कुणाच्या थापेला भुलल्या नसतील. सगळ्यांचं सांगणं तेच. गाऊनमधली बाई, गरम हात, अंगठा. आणि प्रत्येक वेळी बाईचं खरं, पट्टीचं खोटं. वॉर्डात ती बाई सगळ्यांना दिसली. एका एकटोचीला दिसली नाही.

तिला भीती वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय. वाटली, नाही असं नाही. पण त्याहून जास्त तिला वाट बघावीशी वाटायला लागली. ताई आहे इथं. रोज येते. तिच्या पायावर डोकं ठेवायचं, ती शिव्या देईल, मारेल, पण बोलेल तरी. रोज रात्री ती टक्क जागी राहायची. आणि जरा कुणाची सलाईन बदलायला वळली, की तेवढ्यात ताई येऊन गेलेली.

वीस फेब्रुवारी, शुक्रवारची रात्र. घड्याळाप्रमाणे शनिवार लागला होता, पण दवाखान्यात ड्युटी संपल्याशिवाय दिवस संपत नाही. त्या रात्री तिनं ठरवलं, जागेवरून हलायचं नाही. सगळ्यांची औषधं आटोपली. मोठे दिवे मालवले. दारापाशी एक बारका दिवा ठेवला. वॉर्ड म्हणजे लांबलचक खोली, भिंतीशी एका ओळीत बारा खाटा. अकरा खाटांवर अकरा बाया झोपलेल्या. नऊ नंबर रिकामी. ती त्या खाटेवर जाऊन बसली. स्वेटरच्या दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारल्या. आणि थांबली.

एक वाजला. दीड वाजला. कुणीतरी खोकलं. सलाईनचे थेंब पडत होते.

दोन वाजून दहा मिनिटं झाली. भिंतीवरचं घड्याळ तिच्या बरोबर समोर होतं, म्हणून तिला वेळ पक्की आठवते.

एक नंबरच्या बाईनं झोपेत हात वर केला.

आधी तिला वाटलं, कूस बदलतेय. पण हात वरच राहिला. अधांतरी. पालथा. कुणी खालून तळहात लावून धरावा, तसा. डोळे मिटलेले. श्वास संथ.

आणि मनगटावरची कातडी दबली.

तिथं कुणी नव्हतं. कातडी दबली. खळगा पडला, अंगठ्याएवढा. तो खळगा सरकायला लागला. हळूहळू. वर. कोपरापर्यंत गेला... आणि नाहीसा झाला. हात अलगद खाली आला. चादरीवर ठेवल्यासारखा.

मग दोन नंबरचा हात उठला.

एकटोचीला ओरडायचं होतं. आवाज निघेना. बसल्या जागी ती बघत राहिली.

दोन नंबर. खाली.

तीन नंबर. शिंपीणबाई झोपेतच पुटपुटली, "दुखत नाही आता."

खाली.

चार.

पाच.

पावलांचा आवाज नाही. सावली नाही. नुसते हात. एक उठायचा, एक खाली यायचा. एक उठायचा... आणि ते तिच्याच दिशेनं येत होतं.

सहा. सात.

आठ नंबर अगदी शेजारी. त्या बाईचा हात उठला, तेव्हा एकटोचीच्या गालाला ऊब लागली. तापाची ऊब. चुलीजवळ बसल्यासारखी.

आठ नंबरचा हात खाली आला.

तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. डोळे गच्च मिटले.

"ताई," म्हणाली.

...

काही नाही.

ऊब तिथंच होती. समोर. अगदी समोर. हातांवरचे केस उभे राहिले होते. ती थांबली. किती वेळ, कोण जाणे. हात भरून आले. तरी खाली घेतले नाहीत.

"ताई, हात बघ ना माझा."

...

"ताई..."

ऊब गेली.

तिनं डोळे उघडले. उजवीकडे दहा नंबरच्या म्हातारीचा हात वर उठत होता.

नऊ नंबर वगळला होता.

तेव्हा ती रडली. मला सांगताना म्हणाली, "काका, तिनं मानगूट धरली असती तरी चाललं असतं. ती मला ओलांडून गेली." मग तिच्या तोंडून ते निघालं, जे तीन आठवडे निघालं नव्हतं. भर वॉर्डात, मोठ्यानं. "पाण्यानं झालं नाही. पोरीची चूक नव्हती. सुई मीच ठेवली होती. मी खोटं बोलले, ताई. मी खोटं बोलले."

दहा नंबरचा हात मधेच थबकला. अधांतरी.

...

मग अंगठा पुढं सरकला. कोपरापर्यंत गेला. हात खाली आला.

अकरा.

बारा.

आणि टोकाचं झुलतं दार आपोआप उघडलं. मिटलं. दोन-तीनदा हललं आणि थांबलं.

एकही बाई जागी झाली नव्हती. म्हणजे एवढ्या मोठ्यानं बोलून कुणी ऐकलंच नव्हतं. जिनं ऐकायचं ती निघून गेली होती.

सकाळी सातला ड्युटी संपली. हिनं गणवेशही बदलला नाही. पहिल्या बसनं तडक ताईच्या घरी गेली. वाटभर मनात वाक्यं जुळवत होती, कुठून सुरुवात करायची. बेल वाजवली. भाचीनं दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, पण झोपून उठल्यावर सुजतात तसे. दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोर झोपली होती.

मावशीनं सगळं सांगितलं, उंबऱ्याबाहेर उभं राहून. काही वगळलं नाही. पट्टी, तारीख, राउंड, पाणी, आणि रोज येऊन समजावणं. संपल्यावर पोर म्हणाली, "रात्री आई आली होती."

हिनं विचारलं, "काय म्हणाली?"

"काही नाही. हात बघितला माझा. मग माझ्याजवळ बसली. मी झोपून गेले." मग म्हणाली, "मावशी, तुझे हात दाखव."

हिनं दाखवले. पोरीनं दोन्ही हात धरून उलटसुलट करून पाहिले, उजेडात नेऊन पाहिले. मग सोडून दिले. "तुझ्याकडे नाही आली ती," म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. नुसतं लावून घेतलं.

एकटोची तिथून परत दवाखान्यात आली आणि माझ्या भांडारात स्टुलावर बसली. हे सगळं मी तेव्हा ऐकलं. त्याच दुपारी तिनं सगळं लिहून दिलं, सही करून, आणि केसपेपरवरचं ते वाक्य खोडायला लावलं. नोकरी गेली. तक्रार झाली, चौकशी झाली, ते सगळं रीतसर. तेव्हापासून आमच्या दवाखान्यात पट्टी वाचून कुणी थांबत नाही, हात बघतात. मी तिला माफ केलं का, ते विचारू नका. ते माझं कामही नव्हे. पण त्या दिवसानंतर ती मला काका म्हणाली नाही आणि मीही म्हण म्हणालो नाही.

वॉर्डातल्या अकरा बायांच्या हातावर त्या सकाळी पुसट खळगा होता, मनगटापासून कोपरापर्यंत. उशीचा वळ उठावा तसा. जेवणवेळेपर्यंत सगळ्यांचे गेले. रात्री कशावर तरी हात दाबला गेला असेल, असं म्हणून डॉक्टर मोकळे झाले.

भाचीच्या हातावरचा मात्र गेला नाही. ती घरी होती, वॉर्डापासून चार मैलांवर, आणि तिला तर सुई कधी लागलेलीही नाही. या गोष्टीला आज तीन वर्षं झाली. पोर परत कॉलेजला गेली, आता नोकरी करते. गेल्या महिन्यात आली होती माझ्याकडे. मी म्हटलं, बघू. तिनं बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत अंगठ्याएवढी रुंद खूण, सरळ. मी बोट फिरवून पाहिलं. आत कडक काही नाही. सूज नाही, लाली नाही, दुखत नाही म्हणाली. दोन डॉक्टरांना दाखवलंय, दोघांनाही काही सापडलं नाही.

फक्त तेवढीच जागा गरम लागते.